पुराच्या आलेखावर रेषा आणि बाण कसे काढायचे? आणि चूक नेमकी कुठे होते?

लाखनीहून महामार्गाने भंडाऱ्याकडे निघालं की शहरात शिरण्याआधी कारध्याला वैनगंगेचा पूल लागतो. पावसाळ्यात सगळ्या जिल्ह्याचं लक्ष इथल्या पाण्याकडे असतं. इशारा पातळी 245 मीटर, धोका पातळी 245.50 मीटर. हे आकडे समुद्रसपाटीपासूनच्या उंचीचे आहेत, नदीच्या खोलीचे नाहीत. त्यामुळे आलेखाचा उभा अक्ष शून्यापासून सुरू केला, तर मोठा पूरही सपाट रेघेसारखा दिसेल.

समजा, तासातासाच्या नोंदींचा आलेख तुम्हाला व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायचा आहे. नुसती चढती रेघ बघून कुणाला काय कळणार? त्यावर धोका पातळीची आडवी रेषा हवी आणि काय, कधी घडलं हे सांगणारा बाण हवा.

रेषा माउसने ओढू नका

एक्सेलमध्ये बरेच जण 'शेप्स'मधून लाल रेघ उचलतात आणि अंदाजाने ठेवतात. त्या रेघेचा आकड्यांशी काहीच संबंध नसतो. नव्या नोंदी भरल्या की अक्ष बदलतो, रेघ मात्र जागच्या जागी राहते. मग 245.50 ची रेषा 246 वर दिसू लागते आणि पाणी धोक्याच्या खाली आहे असं वाटतं. पुराच्या रात्री ही चूक महागात पडू शकते.

उपाय सोपा आहे. शीटमध्ये आणखी एक रकाना करा, प्रत्येक ओळीत 245.50 भरा आणि तो रकानाही आलेखात घ्या. गूगल शीट्समध्येही हेच चालतं. पायथॉनच्या मॅटप्लॉटलिबमध्ये 'एएक्सएचलाइन' या एका आज्ञेत काम होतं.

बाणासाठी तिथे 'अॅनोटेट' आहे. त्याला दोन जागा सांगायच्या: टोक कुठे आणि मजकूर कुठे. टोकाची जागा वेळ आणि पातळी अशा आकड्यांत दिली, की नोंदी वाढल्या तरी बाण त्याच बिंदूवर राहतो.

मराठी अक्षरांचं काय?

मॅटप्लॉटलिबच्या मूळ फॉन्टमध्ये देवनागरी नाही, म्हणून मराठी मजकुराच्या जागी चौकोन येतात. नोटो सान्स देवनागरी लावला की अक्षरं दिसतात, पण बऱ्याच आवृत्त्यांत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी न येता नंतर येते आणि जोडाक्षरं तुटतात. तेव्हा रेषा आणि बाण सॉफ्टवेअरमध्येच काढावेत आणि मराठी मजकूर अगदी शेवटी, तयार चित्रावर टाकावा.

बाण काय सांगतो?

खरी अडचण इथे आहे. 2020 च्या ऑगस्टअखेरीस भंडारा शहरात पाणी शिरलं. त्या वेळी मध्य प्रदेशातल्या संजय सरोवरातून मोठा विसर्ग झाला होता आणि गोसेखुर्दचे सगळे 33 दरवाजे उघडले होते. आता कारध्याच्या आलेखावर चढाच्या जागी 'गोसेखुर्दचे दरवाजे उघडले' असा बाण लावला, तर वाचणारा काय समजेल? दरवाजे उघडले म्हणून भंडाऱ्यात पाणी वाढलं. पण गोसेखुर्द भंडाऱ्याच्या खालच्या अंगाला आहे. तिथून सोडलेलं पाणी गडचिरोलीकडे जातं. कारध्याचा चढ समजावायचा तर बाण वरच्या विसर्गाचा हवा. तोही पाणी सोडलं त्या वेळेवर टेकलेला, पुराच्या शिखरावर नाही, कारण ते पाणी इथवर पोचायला बरेच तास घेतं. गोसेखुर्दचा बाण खाली वडशाच्या आलेखावर शोभेल.