राजेशाही गाडीच्या इंजिनाची पुनर्घटना



माझा सारा जन्म शाळेंत इतिहास शिकविण्यांत गेला. लढाया, तह आणि सनावळ्या मुलांकडून घोकून घेतांना एक शंका मला नेहमीं टोंचीत असे. तोफ कोणीं डागली हें आम्ही सांगतों. पण ती कोणीं ओतली, पहिली फुटल्यावर दुसरीची धातु कोठें जाड केली, हें आमच्या पुस्तकांत सहसा नसतें. तें जुनें ऋण थोडेंसें फेडावें म्हणून आज एका इंजिनाची हकीकत सांगणार आहे. मी यंत्रज्ञ नव्हे. तेव्हां जेवढें मला उमगलें तेवढेंच सांगतों.

फ्रेड आणि ऑगस्ट ड्यूसेनबर्ग हे भाऊ मूळचे जर्मनीचे. १८८५ सालीं, लहानपणींच, ते अमेरिकेंतील आयोवा प्रांतांत आले आणि सायकलींच्या धंद्यापासून शर्यतीच्या मोटारींपर्यंत पोंचले. १९२१ सालीं फ्रान्समधील ग्रां प्री शर्यत त्यांच्या गाडीनें जिंकली. इंडियानापोलिसची ५०० मैलांची शर्यत १९२४, १९२५ आणि १९२७ या सालीं जिंकली. परंतु हात कुशल असला म्हणजे हिशेबही जमतो असें नाहीं. १९२६ सालीं कंपनी ई. एल. कॉर्ड या धनिकाच्या हातीं गेली आणि त्यानें फ्रेडला सर्वांवर मात करील अशी गाडी तयार करावयास लावलें.

ती गाडी म्हणजे ‘मॉडेल जे’. डिसेंबर १९२८ मध्यें न्यू यॉर्कच्या प्रदर्शनांत ती लोकांना दिसली. इंजिन एका रांगेंतील आठ सिलिंडरांचें, ६.९ लिटर घनफळाचें. दर सिलिंडरास चार, म्हणजे एकूण ३२ झडपा. क्रँकची थरथर शोषून घ्यावी म्हणून त्याला पारा भरलेल्या नळ्या जोडलेल्या. कंपनी या इंजिनाची शक्ति २६५ अश्वशक्ति सांगे. फोर्डची त्या वेळची नवी गाडी ४० अश्वशक्तीची होती, यावरून काय तें समजावें. किंमत ८,५०० डॉलर, आणि तीही नुसत्या सांगाड्याची! वरची अंगबांधणी गिऱ्हाइकानें आपल्या पसंतीच्या कारागिराकडून करवून घ्यावयाची. इंदूरचे यशवंतराव होळकर महाराज यांनीं पुढें याच घराण्यांतील गाडी घेतली आणि तिची अंगबांधणी लंडनच्या गर्नी नटिंग यांच्याकडून करविली.

आतां या इंजिनाची शक्ति वाढवावयाची कशी? इंजिन म्हणजे एक प्रकारचा भाता. जितकी हवा आंत जाईल तितकेंच पेट्रोल आंत जळणार. फ्रेडनें १९३२ सालीं त्याला सुपरचार्जर जोडला. हा एक पंखा. तो क्रँकच्या सुमारें पांचपट वेगानें फिरून सिलिंडरांत हवा कोंबतो. शक्ति ३२० वर गेली. पण हवा कोंबणें हें या कामांतील सोपें अंग होय. स्फोटाचा दाब वाढला म्हणजे तो पिस्टनवरून कनेक्टिंग रॉडवर, तेथून क्रँकवर उतरतो. पहिल्या इंजिनांतील रॉड ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे होते. तेथें पोलादी नळीचे रॉड घालावे लागले. झडपांच्या स्प्रिंगाही अधिक ताठ कराव्या लागल्या. एका जागीं बळ दिलें कीं शेजारची जागा दुबळी ठरते. जुना वाडा दुरुस्त करणाऱ्या गवंड्याला हें सांगावयास नको.

त्याच वर्षीं जुलैमध्यें पेन्सिल्व्हानियांत फ्रेडच्या गाडीला अपघात झाला आणि कांहीं आठवड्यांनीं तो मरण पावला. काम ऑगस्टच्या अंगावर आलें. धाकटा भाऊ इतकीं वर्षें शर्यतीच्या गाड्या सांभाळीत मागें राहिलेला होता.

याच ऑगस्टकडे युटा प्रांतांतील ॲब जेंकिन्स आला. तो धंद्यानें इमारतींचा कंत्राटदार, पंथानें मॉर्मन, दारू-तंबाखूला न शिवणारा. बॉनव्हिल येथील मिठाच्या मैदानावर चोवीस तास सतत मोटार हांकण्याचा त्याला नाद होता. १९३३ सालीं अशाच एका धांवेच्या अखेरीस त्यानें गाडी न थांबवितां दाढी केली, तेव्हां मनुष्य कोणत्या घडणीचा होता हें निराळें सांगावयास नको. १९३५ च्या जुलैंत जॉन कॉब या इंग्रजानें तेथेंच चोवीस तासांचा उच्चांक ताशीं १३४.८५ मैलांवर नेला. त्याच्या गाडींत विमानाचें इंजिन होतें, सुमारें २४ लिटरांचें. जेंकिन्सला तो उच्चांक हवा होता. आणि ऑगस्टच्या हातीं होतें एका श्रीमंती मोटारीचें इंजिन, त्याच्या एकतृतीयांशाहूनही लहान.

ऑगस्टनें सुपरचार्जरचें इंजिन घेऊन त्याचा श्वास आणखी मोकळा केला. आंत हवा नेणाऱ्या नळ्यांची वाट अरुंद, ती बदलली. दोन कार्ब्युरेटर बसविले आणि त्यांपासून निघणाऱ्या नळ्या एडक्याच्या शिंगांप्रमाणें वळवून घेतल्या. झडपा उचलणारे कॅमही निराळे घातले. शक्ति ४०० च्या घरांत गेली, म्हणजे मूळच्या दीडपट. येथें आणखी एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. तें मैदान समुद्रसपाटीपासून सुमारें ४,२०० फूट उंच, म्हणजे आपल्या पांचगणीइतकें. हवा तेथें विरळ. साध्या इंजिनाचा दम तेथें आधींच कमी होतो, आणि पंख्यानें कोंबलेल्या हवेचें मोल तेथें अधिक.

ऑगस्ट संपतांना जेंकिन्स आणि त्याच्या मदतीला टोनी गुलोटा असे दोघे गाडी घेऊन मैदानांत उतरले. दिवसा उन्हांत चकाकणारें मीठ, रात्रीं अंधारांत तेंच वर्तुळ, पुन्हां पुन्हां. चोवीस तास पुरे झाले तेव्हां ३,२५० मैलांहून अधिक अंतर तोडलें गेलें होतें. सरासरी ताशीं साडेपस्तीस अधिक शंभर मैल. कॉबवर मात झाली ती एका मैलाहूनही कमी फरकानें. परंतु मला तो फरक मोठा वाटतो. घटकाभर सुसाट धांवणें निराळें. येथें दीडपट शक्तीचा ताण सोसून ते आठही सिलिंडर एक दिवस आणि एक रात्र अखंड चालले.

उच्चांक मात्र महिनाभरही टिकला नाहीं. सप्टेंबरांतच जॉर्ज आयस्टन याची गाडी ताशीं १४० मैलांच्या वर गेली. तिच्यांत रोल्स-रॉइसचें केस्ट्रेल, तेंही विमानाचेंच. लहान इंजिनांतून निघण्यासारखें जेवढें होतें तेवढें निघून चुकलें होतें, असें जेंकिन्सला दिसलें असावें. १९३६ सालीं त्यानें तें काढून कर्टिस कंपनीचें बारा सिलिंडरांचें, सुमारें २५.७ लिटरांचें विमान-इंजिन त्याच गाडींत बसविलें. एका वृत्तपत्रानें स्पर्धा लावून गाडीस ‘मॉर्मन मीटिओर’ असें नांव दिलें. सरासरी १५३ मैलांवर गेली. पुढें ऑगस्टनें मोठ्या इंजिनासाठीं सांगाडाच नवा बांधला, आणि त्या तिसऱ्या गाडीनें १९४० सालीं केलेला १६१ मैलांचा चोवीस तासांचा उच्चांक १९९० पर्यंत कोणास मोडतां आला नाहीं.

एडक्याच्या शिंगांच्या त्या नळ्या मग रस्त्यावरच्या कांहीं गाड्यांतही आल्या. आंखूड सांगाड्याच्या दोन गाड्या क्लार्क गेबल आणि गॅरी कूपर या नटांकडे गेल्या. कूपरची गाडी २०१८ सालीं २ कोटि २० लाख डॉलरांस विकली गेली. एवढ्या किंमतींत नटाच्या नांवाचा वांटा किती आणि ऑगस्टच्या हातांचा किती, हा हिशेब मला तरी जुळवितां येत नाहीं.

कंपनी १९३७ सालीं बंद पडली. जेंकिन्सनें मात्र पहिली गाडी टाकून दिली नाहीं. विमानाचें इंजिन उतरवून ऑगस्टकडून आठ सिलिंडरांचें इंजिन तिच्यांत पुन्हां बसवून घेतलें, चाकांवर मडगार्डें चढविलीं आणि ती रस्त्यावर आणली. १९४० सालीं तो सॉल्ट लेक सिटीचा महापौर झाला. तेव्हांही ही गाडी त्याच्यापाशीं होती, आणि तो ती स्वतः हांकीत असे.