वनौषधी पूरकांची त्रयस्थ प्रयोगशाळा चाचणी

वनौषधी पूरकांची त्रयस्थ प्रयोगशाळा चाचणी म्हणजे वनस्पतीजन्य गोळ्या, कॅप्सूल, चूर्णे व अर्क यांची ओळख, शुद्धता आणि मात्रा उत्पादकाशी हितसंबंध नसलेल्या प्रयोगशाळेकडून तपासून घेण्याची पद्धत होय. चाचणीचे निष्कर्ष ज्या कागदावर नोंदवले जातात त्यास विश्लेषण प्रमाणपत्र म्हणतात. अनेक उत्पादक हे प्रमाणपत्र आपल्या संकेतस्थळावर ठेवतात किंवा वेष्टनावरील क्यूआर कोडद्वारे उपलब्ध करून देतात. मात्र प्रमाणपत्र अस्तित्वात असणे आणि ते हातातील बाटलीतल्या मालाचेच असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पडताळणीचा बराचसा भाग हा फरक ओळखण्याचाच असतो.

पार्श्वभूमी

वनस्पतीची ओळख चुकल्यास काय घडते याचे सर्वाधिक उद्धृत केले जाणारे उदाहरण बेल्जियममधील आहे. ब्रसेल्स येथील वजन घटवण्याच्या एका उपचारकेंद्रात १९९० नंतर दिल्या गेलेल्या कॅप्सूलमध्ये ‘स्टेफानिया टेट्रान्ड्रा’ या चिनी वनस्पतीऐवजी ‘ॲरिस्टोलोकिया फांगची’ ही वनस्पती आली. दोन्हींची चिनी व्यापारी नावे जवळजवळ सारखी आहेत. ॲरिस्टोलोकियातील ॲरिस्टोलोकिक आम्लामुळे शंभरहून अधिक रुग्णांची, बहुतांशी स्त्रियांची, मूत्रपिंडे निकामी झाली किंवा गंभीररीत्या बिघडली. पुढे त्यांपैकी काहींना मूत्रमार्गाचा कर्करोगही झाला. कच्च्या मालाची साधी रासायनिक ओळखचाचणी झाली असती तर ही अदलाबदल उघडकीस आली असती.

भारतीय उत्पादनांकडे जगाचे लक्ष २००४ साली वेधले गेले. त्या वर्षी ‘जामा’ या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांचे विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यांपैकी १४ उत्पादनांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले. २००८ साली याच गटाने इंटरनेटवरून मागवलेली १९३ उत्पादने तपासली. त्यांतील सुमारे २१ टक्के उत्पादनांत हे धातू होते, आणि भारतीय व अमेरिकी बनावटीच्या मालात या बाबतीत लक्षणीय फरक नव्हता. धातू आढळलेल्या उत्पादनांपैकी तीन चतुर्थांश उत्पादने उत्तम उत्पादन पद्धती पाळल्याचा दावा करणारी होती, ही त्या अभ्यासातील कदाचित सर्वांत बोलकी नोंद म्हणता येईल.

केंद्र सरकारच्या आयुष विभागाने ऑक्टोबर २००५ मध्ये आदेश काढून निर्यातीच्या निव्वळ वनस्पतीजन्य औषधांची जड धातूंसाठी चाचणी १ जानेवारी २००६ पासून सक्तीची केली.

कायदेशीर चौकट

भारतात एकाच वनस्पतीचे कॅप्सूल दोन वेगवेगळ्या कायद्यांखाली विकले जाऊ शकते. आयुर्वेदिक औषध म्हणून विकल्यास त्यास औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० लागू होतो आणि परवाना राज्याचे प्राधिकरण देते. महाराष्ट्रात हे काम अन्न व औषध प्रशासनाकडे आहे. आरोग्यपूरक म्हणून विकल्यास अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ आणि त्याखालील पूरकविषयक विनियम लागू होतात, व वेष्टनावर चौदा अंकी परवाना क्रमांक असतो. कोणती मानके लावायची हे या परवान्यावरून ठरत असल्याने प्रमाणपत्र वाचण्यापूर्वी परवाना पाहणे श्रेयस्कर ठरते.

अमेरिकेत १९९४ च्या कायद्यानुसार पूरके विक्रीपूर्व मान्यतेविना बाजारात येतात. तेथे २००७ च्या नियमांनी प्रत्येक आहारघटकाची ओळखचाचणी उत्पादकावर बंधनकारक केली.

प्रमाणपत्राची पडताळणी

पडताळणीची सुरुवात बॅच क्रमांकापासून होते. बाटलीवरील बॅच क्रमांक आणि प्रमाणपत्रावरील क्रमांक जुळत नसल्यास त्या कागदाचा त्या बाटलीशी काहीही संबंध राहत नाही. वनस्पतीतील द्रव्यांचे प्रमाण जमीन, हंगाम, काढणीचे वय आणि साठवण यांनुसार बदलते. त्यामुळे एका बॅचचा निष्कर्ष दुसरीला लावता येत नाही. नमुन्याच्या वर्णनात ‘अर्क, कच्चा माल’ असे लिहिलेले असेल तर चाचणी तयार कॅप्सूलची नसून पुरवठादाराकडून आलेल्या पोत्याची झालेली असते. ‘नमुना ग्राहकाने सादर केला’ ही ओळही अर्थपूर्ण आहे. येथे ग्राहक म्हणजे बहुधा उत्पादक स्वतःच असतो, आणि प्रयोगशाळा फक्त तिच्यापर्यंत पोहोचलेल्या नमुन्याबद्दल बोलते.

प्रयोगशाळेची अधिस्वीकृती हा पुढचा मुद्दा. चाचणी प्रयोगशाळांसाठीचे आंतरराष्ट्रीय मानक ‘आयएसओ/आयईसी १७०२५’ असून भारतात त्यानुसार अधिस्वीकृती देण्याचे काम ‘एनएबीएल’ हे मंडळ करते. अधिस्वीकृती ही संपूर्ण प्रयोगशाळेला सरसकट मिळत नाही. ती विशिष्ट पदार्थ, विशिष्ट घटक आणि विशिष्ट पद्धती यांपुरती असते. पाण्यातील शिसे मोजण्यास अधिस्वीकृत असलेली प्रयोगशाळा अश्वगंधा चूर्णातील शिशासाठी अधिस्वीकृत असेलच असे नाही. ही व्याप्ती मंडळाच्या संकेतस्थळावर प्रयोगशाळेच्या नावाने शोधता येते. आयुर्वेदिक, सिद्ध व युनानी औषधांच्या चाचणीसाठी १९४५ च्या औषध नियमांतही प्रयोगशाळांना स्वतंत्र मान्यता देण्याची तरतूद आहे.

शंका असल्यास प्रमाणपत्रावर छापलेल्या दूरध्वनीऐवजी अधिस्वीकृती मंडळाच्या यादीतील संपर्कावरून प्रयोगशाळेकडे अहवाल क्रमांकाची खातरजमा करावी असे सुचवले जाते. बदललेल्या प्रमाणपत्रावरचा क्रमांकही बदललेला असू शकतो.

वनस्पतीची ओळख

ओळख पटवण्यासाठी सूक्ष्मदर्शकाखालील परीक्षण, उच्च कार्यक्षमता पातळ थर वर्णलेखन (एचपीटीएलसी) आणि डीएनए बारकोडिंग वापरले जाते. यांपैकी कोणतीही पद्धत सर्वत्र चालत नाही. सूक्ष्मदर्शक चूर्णासाठी उपयुक्त आहे, परंतु अर्कात पेशीच उरत नाहीत. डीएनएचेही तसेच आहे. न्यूयॉर्कच्या महान्यायवादींनी २०१५ मध्ये डीएनए चाचणीच्या आधारे चार मोठ्या विक्रीसाखळ्यांना वनौषधी पूरकांची विक्री थांबवण्यास सांगितले, तेव्हा अनेक वनस्पतितज्ज्ञांनी आक्षेप घेतला की अर्क काढताना डीएनए नष्ट होते, म्हणून ते न सापडणे हा भेसळीचा पुरावा ठरत नाही.

महाराष्ट्रात हा प्रश्न गुळवेलीच्या संदर्भात चर्चेत आला. कोविड साथीच्या काळात गुळवेलीच्या सेवनानंतर यकृतदाह झालेल्या रुग्णांच्या नोंदी मुंबईतील डॉक्टरांनी २०२१ साली प्रसिद्ध केल्या. आयुष मंत्रालयाने या निष्कर्षांवर आक्षेप घेतला आणि दिसायला सारखी असलेली ‘टिनोस्पोरा क्रिस्पा’ ही वनस्पती गुळवेल समजून घेतली जाऊ शकते याकडे लक्ष वेधले. अशा वादात रुग्णाने प्रत्यक्ष सेवन केलेल्या नमुन्याची ओळख पटवलेली असणे निर्णायक ठरते.

जड धातू

भारतीय आयुर्वेदिक औषधिकोशानुसार वनस्पतीजन्य द्रव्यात शिसे १० पीपीएम, आर्सेनिक ३ पीपीएम, पारा १ पीपीएम आणि कॅडमियम ०.३ पीपीएम या कमाल मर्यादा आहेत. पीपीएम म्हणजे एका ग्रॅममागे मायक्रोग्रॅम. ही मर्यादा मालाच्या वजनावर आधारित असल्याने दररोज पोटात किती धातू जातो हे तिच्यावरून थेट कळत नाही. शिशाचे प्रमाण बरोबर १० पीपीएम असलेल्या अर्काच्या २५० मिलिग्रॅमच्या दोन कॅप्सूलमधून दिवसाला ५ मायक्रोग्रॅम शिसे जाते. तेवढेच प्रमाण असलेले चूर्ण ६ ग्रॅम घेतल्यास ६० मायक्रोग्रॅम जाते. औषधांतील अशुद्धींसाठीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत तोंडावाटे शिशाची दैनिक मर्यादा ५ मायक्रोग्रॅम आहे. म्हणजेच ‘उत्तीर्ण’ शेऱ्याचे चूर्ण या दुसऱ्या मोजपट्टीवर बारा पट अधिक भरू शकते. गर्भवती स्त्रिया आणि लहान मुले यांच्या बाबतीत हा हिशेब विशेष महत्त्वाचा ठरतो.

‘आढळले नाही’ या शेऱ्यासोबत शोधसीमा दिलेली नसेल तर तो शेरा अपुरा मानला जातो. पारद, नाग किंवा वंग यांपासून बनवलेल्या भस्मांना व रसौषधींना वरील मर्यादा लागू होत नाहीत, कारण तेथे धातू हा अशुद्धी नसून घटक असतो.

सक्रिय घटक आणि छुपी औषधे

अश्वगंधेतील विथॅनोलाइडांचे प्रमाण वजनी पद्धतीने मोजल्यास ते द्रव वर्णलेखनाने (एचपीएलसी) मोजलेल्यापेक्षा जास्त येते, म्हणून पद्धतीच्या उल्लेखाशिवाय ‘५ टक्के’ हा आकडा तुलनेस निरुपयोगी आहे. मुळाऐवजी स्वस्त पाने मिसळूनही हा आकडा गाठता येतो. आयुष मंत्रालयाने २०२१ मध्ये उत्पादकांना पाने न वापरण्याचा सल्ला दिला होता. गिंको अर्कात रुटिन मिसळले जाते, तर हळदीच्या अर्कात कृत्रिम करक्युमिन. दुसरा प्रकार कार्बन-१४ च्या चाचणीने उघड होतो.

लैंगिक क्षमता वाढवणाऱ्या ‘नैसर्गिक’ उत्पादनांत सिल्डेनाफिल आणि वजन घटवणाऱ्या उत्पादनांत सिब्युट्रामिन वेळोवेळी सापडले आहे. ठरावीक घटकांच्या चाचणीत ही द्रव्ये दिसत नाहीत, कारण ती कोणी शोधतच नाही. हृदयविकारासाठी नायट्रेट घेणाऱ्या व्यक्तीस छुप्या सिल्डेनाफिलमुळे रक्तदाब कोसळून जिवाला धोका संभवतो.

ग्राहकाचा अधिकार

अन्न परवान्याखालील पूरकांबाबत अन्न सुरक्षा अधिनियमाचे कलम ४० खरेदीदारास शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून चाचणी करून घेण्याचा अधिकार देते. मात्र आपला हा हेतू खरेदीच्या वेळीच विक्रेत्यास कळवावा लागतो. अहवालात कायद्याचा भंग आढळल्यास भरलेले शुल्क परत मिळते.