कळावे, कळले, समजते

‘मंत्रिमंडळाचा विस्तार लांबणार असल्याचे समजते.’ असले वाक्य वाचताना मराठी वाचक आता अडखळत नाही. समजते, पण कोणाला? उत्तर वाक्यात नसते. एके काळी मात्र ते असे, आणि बातमीच्याही आधी पत्रात असे.

पेशव्यांचे वकील दिल्ली, हैदराबाद अशा दरबारांत बसत आणि तिथला वृत्तान्त पुण्याला लिहून धाडत. मोडीतल्या त्या पत्रांत मजकूर आटोपला की ‘विदित व्हावे’, ‘कळावे’ असे येई. इथे जाणणारा ठरलेला होता : ज्याच्या नावे पत्र, तो. लिहिणाराही ठरलेला. खबर खोटी निघाली तर कोणाला जाब विचारायचा, याचा घोळ नव्हता. म्हणून समक्ष पाहिलेले कोणते आणि बाजारातली आवई कोणती, हे वेगळे सांगण्यातच वकिलाची शहाणीव होती.

६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ निघाले, १८४९ मध्ये पुण्यात ‘ज्ञानप्रकाश’. छापील कागद आला तरी त्याला लोक ‘पत्र’च म्हणत. संपादक हा ‘पत्रकर्ता’. वाचक त्याला लिहीत तेही ‘अमुककर्ते यांस, वि. वि.’ असा मायना घालून. पण क्रियापदाची दिशा फिरली. आता जाणणारा संपादक झाला : ‘आम्हांस असे कळले आहे की...’ हे ‘आम्हांस’ नुसते भारदस्तपणासाठी नव्हते. विलायतेची बातमी गलबतातून यायची, परगावची डाकेतून. घटना घडली कधी आणि आपल्याला कळली कधी, यांत आठवडे नाहीतर महिने जात. ‘कळले’ म्हणताना संपादक एवढेच सांगे, की आमच्यापर्यंत हे आत्ता पोचले. १८७० मध्ये मुंबई समुद्राखालच्या तारेने विलायतेशी जोडली गेली आणि हे अंतर तासांवर आले.

‘आम्हांस’ हळूहळू गळाले, ते मराठी व्याकरणाने वाट मोकळी ठेवली होती म्हणून. ‘पाहतो’, ‘ऐकतो’ म्हटले की पाहणारा क्रियापदाच्या शेपटीला लटकलेला असतो. तो लपत नाही. ‘कळणे’चे तसे नाही. बातमी कळली, वर्तमान कळले, निकाल कळला : क्रियापद चालते ते कळलेल्या गोष्टीच्या लिंगावचनाने. ज्याला कळले तो चतुर्थीत, बाजूला उभा. तो निघून गेला तरी वाक्याचे काही अडत नाही. ‘असे कळते’, ‘असे समजते’ ही वाक्ये जाणणाऱ्यावाचूनही धडधाकट उभी राहतात. बातमीदाराला आपला माणूस झाकायचा असतो, उपसंपादकाला जबाबदारी पातळ करायची असते. दोघांचीही सोय या एका क्रियापदाने केली.

कोर्टात मात्र ही सोय चालत नाही. ‘केसरी’ आणि ‘मराठा’ यांनी कोल्हापूरच्या महाराजांच्या छळाविषयी लिहिताना दिवाण बर्वे यांच्यावर आरोप केले, ते दुसऱ्यांनी पुरवलेल्या पत्रांच्या भरवशावर. ती पत्रे बनावट ठरली आणि १८८२ मध्ये टिळक-आगरकरांना अब्रुनुकसानीबद्दल चार महिन्यांची कैद झाली. त्यातले १०१ दिवस त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात काढले. माहिती दुसऱ्याची असली तरी शिक्षा छापणाऱ्याला भोगावी लागली.

बोलीत हेच काम ‘म्हणे’ करते. ‘पाटलाने जमीन विकली म्हणे’ यात बोलणारा हात झटकून मोकळा होतो, आणि ऐकणाराही ते जाणून असतो. म्हणून तो लगेच विचारतो, ‘कोण सांगत होतं?’ ‘समजते’ म्हणजे इस्त्रीचे कपडे घातलेले ‘म्हणे’च. छापून आल्यामुळे त्याला कोणी उलट विचारत नाही, एवढाच काय तो फरक. प्रत्येक ‘समजते’मागे लबाडी असते असे नाही, पुष्कळदा एखाद्या कारकुनाची नोकरी त्या शब्दाच्या आडोशाने वाचलेली असते. तरीही वाचकाने गळालेली चतुर्थी मनातल्या मनात भरून वाचावे. ‘कोणाला?’ या प्रश्नाला बातमीत कुठेच उत्तर सापडले नाही, तर तेवढ्यापुरते ‘समजते’च्या जागी ‘म्हणे’ वाचायला हरकत नाही.