आंतरजालाचे आद्य अभियंते

आंतरजालाचा जनक कोण, असे विचारणारास बहुधा एकच नाव हवे असते. तसे नाव आम्हांस देता येणार नाही. नदीचे मूळ शोधू नये म्हणतात. येथे मात्र ते शोधणे भाग आहे, कारण अणुयुद्धात टिकून राहावे म्हणून हे जाळे विणले गेले, अशी एक दंतकथा रूढ होऊन बसली आहे.

दंतकथेत सत्यांश आहे, तो पॉल बॅरन यांच्यापुरता. अमेरिकेतील रँड या संस्थेत त्यांनी १९६४ साली आपली योजना प्रसिद्ध केली. दूरध्वनीवर दोघे बोलत असता या टोकापासून त्या टोकापर्यंतची वाट त्यांच्याकरिता अडून राहते. मधले ठाणे पडले की संभाषण तुटले. बॅरन म्हणाले, मजकुराचे लहान तुकडे करा, प्रत्येकावर पत्ता घाला आणि जी वाट मोकळी असेल तिने जाऊ द्या. मुक्कामी ते पुन्हा जोडता येतील. दूरध्वनी कंपनीच्या तज्ज्ञांनी, हे चालणारच नाही, असा निर्वाळा दिला. तारांविषयी ज्यांना सर्वांत अधिक कळत होते, त्यांनाच हे उमगू नये! पुढे वायुदल अनुकूल झाले. पण काम ज्या सरकारी कचेरीकडे जाणार होते तिला ते पेलणार नाही, हे ओळखून बॅरन यांनी १९६५ साली योजना स्वतःच मागे घेतली. आपले अपत्य अनाडी सुइणीच्या हाती न देण्याचा हा विवेक दुर्मीळच म्हटला पाहिजे.

त्याच वर्षी इंग्लंडमध्ये टेडिंग्टनच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत डोनाल्ड डेव्हिस स्वतंत्रपणे त्याच कल्पनेपाशी पोचले. त्यांच्यापुढे युद्ध नव्हते. संगणकाशी माणसाने सुलभपणे कसे बोलावे, एवढीच विवंचना होती. ‘पॅकेट’ हा शब्द त्यांचाच.

प्रत्यक्ष जाळ्याची निकड भासली ती मात्र काटकसरीपोटी. संरक्षण खात्याच्या ‘आर्पा’ या संस्थेत बॉब टेलर यांच्या कचेरीत तीन दूरस्थ संगणकांना जोडलेली तीन निरनिराळी यंत्रे होती. एकाशी बोलून झाले की उठून दुसऱ्यापाशी जायचे. शिवाय जो तो संशोधक आपल्याकरिता नवा, महागडा संगणक मागे. मग असलेलेच का जोडू नयेत? १९६६ साली टेलर यांनी पैसा मिळविला, लॅरी रॉबर्ट्स यांनी आराखडा केला. १९६७ साली गॅटलिनबर्गच्या परिषदेत डेव्हिस यांच्या सहकाऱ्याने प्रबंध वाचला, तेव्हा बॅरन यांच्या कामाचे मोल रॉबर्ट्स यांना कळले. स्वदेशीच्या माणसाची ओळख परदेशी पाहुण्याने करून द्यावी, हे केवळ आपल्याकडेच घडते असे नाही.

२९ ऑक्टोबर १९६९ च्या रात्री लॉस एंजेलिसहून चार्ली क्लाइन या विद्यार्थ्याने सुमारे ३५० मैलांवरील स्टॅनफर्ड संशोधन-संस्थेच्या संगणकास ‘लॉगिन’ हा शब्द अक्षराअक्षराने धाडावयास आरंभ केला. ‘एल’ पोचले, ‘ओ’ पोचले, आणि पलीकडचा संगणक कोलमडला. तासाभराने जमले.

आम्हांस त्या रात्रीइतकीच मोलाची वाटते ती त्याच वर्षीच्या एप्रिलमधील एक गोष्ट. संगणकांनी परस्परांशी कोणत्या नियमांनी बोलावे, हे ठरविण्याचे काम विद्यार्थ्यांवरच येऊन पडले होते. त्यांतील स्टीव्ह क्रॉकर यांनी, घरातल्यांची झोपमोड नको म्हणून, रात्री न्हाणीघरात बसून पहिले टिपण लिहिले. आपण हुकूम सोडतो आहोत असे ज्येष्ठांस वाटू नये, यासाठी मथळा दिला ‘अभिप्रायार्थ विनंती’. अशा टिपणांची संख्या आता नऊ हजारांवर गेली आहे. त्यांतील कित्येक आज जगभर नियम म्हणून पाळली जातात. मथळा मात्र अजून विनंतीचाच आहे.