तुळजाभवानी मंदिर, तुळजापूर

महाराष्ट्रातील साडेतीन शक्तिपीठांपैकी एक पूर्ण पीठ. धाराशिव जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगररांगेत वसलेले. मंदिराकडे पायऱ्या उतरून जावे लागते. वाटेत कल्लोळ आणि गोमुख ही तीर्थे आहेत. काळ्या पाषाणातील मूर्ती अष्टभुजा महिषासुरमर्दिनीची आहे. देवी भोसले घराण्याची कुलस्वामिनी. १६५९ च्या स्वारीत अफझलखानाने क्षेत्राला उपद्रव दिल्याचे बखरी सांगतात. देवीने शिवरायांना तलवार दिल्याची कथा लोकश्रद्धेतली. मराठी मनावर तिचा ठसा मात्र फार खोल आहे.

मूर्ती चल असणे हे या पीठाचे सर्वांत विलक्षण वैशिष्ट्य. वर्षातून तीनदा ती सिंहासनावरून हलवून पलंगावर निजवतात: शारदीय नवरात्रापूर्वी घोरनिद्रा, दसऱ्याच्या सीमोल्लंघनानंतर कोजागरीपर्यंत श्रमनिद्रा आणि पौषातील शाकंभरी नवरात्रापूर्वी मोहनिद्रा. युद्धाने थकलेल्या देवीला विश्रांती हवी, ही त्यामागची अतिशय हृद्य कल्पना. दसऱ्यासाठी पालखी अहिल्यानगरजवळच्या बुऱ्हाणनगरहून येते. तिचा आणि पलंगाचा मान परंपरेने तेली समाजाकडे आहे. पूजेचे मुख्य अधिकार भोपे पुजाऱ्यांकडे. कवड्यांची माळ, परडी, जोगवा ही भक्तांची ओळख. अनेक मराठी घरांत लग्नानंतर संबळाच्या तालावर देवीचा गोंधळ घालतात.