हजार वेळा नाही

अरबीत ‘नाही’ला ‘ला’ म्हणतात. लाम आणि अलिफ ही दोन अक्षरं मिळून तो होतो; आपल्या ‘क्ष’सारखं जोडाक्षरच म्हणा ना. ठाम नकार द्यायचा झाला तर अरबी माणूस म्हणतो, नाही, हजार वेळा नाही! बोलण्यातला हा हजार एका बाईंनी खरोखरच मोजून दाखवला.

बहिया शेहाब या कैरोतल्या कलेतिहासकार. २०१० मध्ये त्यांना म्युनिकहून बोलावणं आलं. तिथे १९१० साली भरलेल्या इस्लामी कलेच्या मोठ्या प्रदर्शनाची शताब्दी होती. अट एकच, अरबी लिपी वापरायची. शेहाब यांनी स्पेनपासून चीनच्या सीमेपर्यंतच्या मशिदी, कापड, भांडी, पोथ्या धुंडाळल्या आणि चौदाशे वर्षांतले ‘ला’चे हजार आकार जमवले. इस्लामच्या श्रद्धावचनाचा पहिला शब्दच ‘ला’ आहे, तेव्हा तो ठायी ठायी सापडणारच. कुठे कोनदार कूफी, कुठे दोन वेली एकमेकींना वेढा घालतात तसा. प्रत्येकाचं ठिकाण आणि काळ नोंदवून त्यांनी पुस्तकही काढलं. एवढ्यावर थांबलं असतं तर ते उत्तम संशोधन ठरलं असतं, पण मी आज त्यावर बोललो नसतो.

फेब्रुवारी २०११ मध्ये मुबारक पायउतार झाले, सत्ता लष्कराकडे आली. नोव्हेंबरात तहरीर चौकालगतच्या मुहम्मद महमूद रस्त्यावर निदर्शकांच्या डोळ्यांवर छर्रे झाडले गेले. डिसेंबरात सैनिकांनी एका तरुणीला फरफटत मारलं. तिचा अंगरखा वर सरकला, आतली निळी काचोळी उघडी पडली. ते छायाचित्र जगभर पोचलं.

शेहाब रंगाचा डबा घेऊन रस्त्यावर उतरल्या. लष्करी राजवटीला नकार, आणीबाणीच्या कायद्याला नकार, डोळे फोडण्याला नकार. माणसांची वस्त्रं फेडण्याला नकार देताना त्यांनी ती निळी काचोळीच भिंतीवर उमटवली.

सुलेखनकाराचा बोरू सावकाश चालतो. अक्षराची मापं बोरूच्या टोकाने उमटणाऱ्या ठिपक्यांत मोजतात. पहाऱ्यातल्या रस्त्यावर एवढी सवड कुठली? म्हणून स्टेन्सिल. धान्याच्या पोत्यावर छाप मारतात तीच रीत: कापलेला साचा भिंतीवर धरायचा, फवारा मारायचा, निघायचं. सुलेखनातले जाणकार याला नाकं मुरडतील. मला मात्र यात लिपीची खरी ताकद दिसते. हे आकार कुणा परक्याने आणलेले नव्हते. मशिदीत मान लववणारा सैनिकही त्यांच्याकडे पाहतच वाढला होता. त्याला ते अनोळखी कसे म्हणता येणार?

भिंती पांढऱ्या रंगाने पुसल्या जात, पुन्हा रंगवल्या जात. २०१५ मध्ये त्या रस्त्यावरच्या अमेरिकन विद्यापीठाच्या भिंतीचा, जिच्यावर क्रांतीची कितीतरी चित्रं होती, काही भागच पाडला गेला. पुढे शेहाब परदेशातल्या भिंती रंगवू लागल्या: व्हँकुव्हर, न्यूयॉर्क, ग्रीसमधलं केफालोनिया बेट. कैरोतल्या त्या वेळच्या त्यांच्या ‘ला’ची आता छायाचित्रंच पाहायला मिळतात.