मोसम खोऱ्यातील फड आणि पाण्याचा अंदाज

नामपूर हे बागलाण तालुक्यातील मोसम नदीकाठचे बाजाराचे गाव. साल्हेर-मुल्हेरच्या डोंगराळ मुलखातून येणारी मोसम ताहाराबाद, जायखेडा, नामपूर अशी गावे मागे टाकत मालेगावला गिरणेला मिळते. या नदीवर, शेजारच्या आरमवर आणि धुळे जिल्ह्यातील पांझरेवर फड बागायत नावाची सिंचनाची रीत तीन-चारशे वर्षे चालत आली. बागलाण पूर्वी खानदेशात मोडे. १८६९ मध्ये नाशिक जिल्हा झाला तेव्हा तो नव्या जिल्ह्यात आला. नाशिकच्या या एका कोपऱ्यात खानदेशी पाणीवाटप दिसते ते त्यामुळे. एका बंधाऱ्याखाली पुष्कळ खातेदार असत आणि नदीचे पाणी दर वर्षी निराळे. त्यामुळे यंदा किती रान भिजेल आणि त्याला किती माणसे लागतील, हे हंगामाच्या तोंडावर ठरवावेच लागे.

नदीत आडवा बंधारा घालून पाणी पाटात वळवले जाई. पाटाची लांबी दोनपासून बारा किलोमीटरपर्यंत. पाटावरून चाऱ्या, चाऱ्यांवरून शेतागणिक सारंग नावाचे छोटे चर निघत आणि जास्तीचे पाणी सांडव्यांतून वाहून जाई. पाटाखालच्या जमिनीला कायम बागायत म्हणत. तिचे बहुधा चार भाग केलेले असत, तेच फड. लहान फड दहा हेक्टरांचा, तर मोठा दोनशेपर्यंत. एका फडात एका हंगामाला एकच पीक घ्यायचे, हा कडक नियम होता. एक-दोन फडांत ऊस, बाकीच्यांत हंगामी पिके, एखादा फड पडीक. पुढच्या वर्षी फेरपालट. त्यामुळे जमिनीचा कस टिकत असे आणि रान पाणथळ किंवा खारपड होण्याचा धोकाही कमी होई.

अंदाज सोपा झाला तो याच नियमामुळे. फडातल्या सगळ्या शेतांची पाळी एकदम येते, पिकाची तहान सारखी असते, म्हणून प्रत्येक शेताचा वेगळा हिशेब करावा लागत नाही. गावाने ठरवायचे ते इतकेच: या वर्षी कोणते फड भिजवायचे आणि कोणते सोडायचे. एकक मोठे आणि ढोबळ असल्याने थोडीफार चूक पोटात घेता येई. पाऊसमान आणि नदीची धार पाहून लाभधारक एकत्र बसून हा निर्णय घेत. तो त्या वर्षापुरताच असे. पुढच्या वर्षी नदी पुन्हा पाहायची.

या व्यवस्थेतली सर्वांत शहाणपणाची गोष्ट जमिनीच्या आखणीत आहे. रीतीप्रमाणे प्रत्येक खातेदाराची पट्टी प्रत्येक फडात असे. एखादा फड कोरडा ठेवला तर झळ सगळ्यांना सारखीच बसे, आणि पाणी मुबलक असेल तर लाभही सगळ्यांचा. अंदाज फुगवून सांगण्यात किंवा दडवण्यात कोणाचाच स्वार्थ उरत नसे. सामूहिक अंदाज बिघडतो तो बहुतेकदा हिशेबाच्या चुकीपेक्षा हितसंबंधांच्या ओढाताणीमुळे, आणि फडाने नेमकी तीच ओढाताण काढून टाकली होती.

श्रमाची वाटणीही ठरलेली होती. शेताला पाणी देणे हे पाटकऱ्याचे काम. खातेदाराने स्वतः पाणी फोडायचे नाही. पाटकऱ्यांवर हवालदाराची देखरेख असे आणि उभ्या पिकाची राखण जागल्या करी. त्यांचा मेहनताना धान्याच्या रूपात मिळे. पाटातला गाळ काढणे, बंधाऱ्याची डागडुजी करणे ही कामे लाभधारक मिळून करत. एका बंधाऱ्यावरचा अनुभव दुसऱ्यावर तसाच लागू पडत नसे, कारण उतार निराळा, माती निराळी आणि नदीची धारही निराळी.

काम किती आणि त्याला माणसे किती, हा फडापुढचाच प्रश्न पुढे मोठ्या संगणक प्रणाली बांधणाऱ्यांनाही पडला. किती माणसांना किती महिने लागतील हे आधीच सूत्राने काढण्याचा मोठा प्रयत्न म्हणजे बॅरी बोह्म यांचे १९८१ चे कोकोमो प्रारूप. २००१ मध्ये सॉफ्टवेअर बांधणाऱ्यांचा अजाईल जाहीरनामा आला आणि काम लहान फेऱ्यांत विभागून प्रत्येक फेरीआधी नव्याने अंदाज घेण्याची पद्धत पसरली. पुढच्या वर्षी जेम्स ग्रेनिंग यांनी प्लॅनिंग पोकर मांडले: काम करणारेच एकत्र बसतात आणि आकड्यांचे पत्ते एकाच वेळी उघडतात. अनेक चमूंच्या प्रकल्पात अडचण येते ती बेरजेची. प्रत्येक चमू कामाचा आकार ज्या ‘पॉइंट’मध्ये मोजतो, ते त्याच्यापुरतेच खरे असतात. ते एकत्र मिळवून अख्ख्या प्रकल्पाचा आकडा काढला तर तो फसवा ठरतो. दोन बंधाऱ्यांच्या फडांना एका मापाने मोजण्यासारखेच ते आहे.

इकडे फड विस्कळीत झाले ते विहिरी आणि विजेचे पंप आल्यावर. ज्याच्या विहिरीला पाणी त्याला सामाईक निर्णयाची गरज उरली नाही. एका फडात एक पीक हा नियम मोडला आणि अंदाज प्रत्येकाचा खासगी झाला. वाटण्या होत जमिनीचे तुकडे पडले. मोसमवर हरणबारी आणि आरमवर केळझर धरण झाल्यावर नदीत किती पाणी येईल हे धरणाच्या आवर्तनावर ठरू लागले. नामपूरच्या बाजार समितीत आज कांद्याची मोठी आवक होते, आणि कोणते पीक घ्यायचे हे शेतकरी भाव पाहून एकट्याने ठरवतो. २००५ च्या महाराष्ट्र सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन अधिनियमाने पाणीवापर संस्थांना घनमापनाने पाणी देण्याची तरतूद केली. वाटपाचा अधिकार पुन्हा लाभधारकांकडे आला, पण प्रत्येक फडात प्रत्येकाची पट्टी ही आखणी काही कायद्याने परत येणारी नव्हती. बागलाण आणि धुळ्याच्या काही बंधाऱ्यांवर मात्र फडाची जुनी रीत टिकून राहिली.